न जाणवणारा दाब

इंझोरीतल्या सोयाबीन-कपाशीच्या कामातून आत्ता टेकला असाल, तर पाठ भिंतीला लावा. डोळे मिटा. पापण्या आवळू नका, सैल सोडा.

लक्ष त्या पापण्यांआड न्या. बुबुळामागे एक स्वच्छ पाणी सतत तयार होतं आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून बाहेर जातं. हे अश्रू नव्हेत. याच पाण्यामुळे डोळ्याचा गोल भरीव राहतो. त्याचा दाब साधारण 10 ते 21 मिलिमीटर पारा असतो. जाळी तुंबली की तो चढतो.

श्वास सोडा. तो दाब जाणवतोय का, पाहा.

नाही ना? हळूहळू चढत 30 वर गेला असता, तरी बहुधा जाणवला नसता. इथे जरा थांबू. काटा रुतला की कळतं, ताप चढला की कळतं; दुखलं तरच दवाखाना, हीच आपली रीत. हा चढलेला दाब मात्र न दुखवता डोळ्यामागची नजरेची नस झिजवतो. तिच्यात दहा लाखांच्या आसपास तंतू. बहुधा कडेची नजर आधी जाते आणि एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. समोरचा सातबारा वाचता येतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. हाच काचबिंदू. गावात अंधूक दिसू लागलं की मोतीबिंदू समजून तो पिकायची वाट पाहतात. मोतीबिंदू काढला की नजर परतते, काचबिंदूने नेलेली परतत नाही. म्हणून या वाट पाहण्याची मला फार भीती वाटते.

दाब वाढला म्हणजे काचबिंदू झालाच, असंही नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2002 साली आले. त्यात दाब जास्त पण नस शाबूत अशी माणसं होती. पाच वर्षांत दाब उतरवणारे थेंब न घालणाऱ्यांपैकी 9.5 टक्क्यांना तो झाला, घालणाऱ्यांपैकी 4.4 टक्क्यांना. उलट, दाब ठीक असूनही काहींची नस झिजते.

डोळे मिटलेलेच राहू द्या. घरात ज्यांना याचा धोका जास्त, ती माणसं एकेक आठवा. चाळिशी ओलांडलेली. ज्यांच्या आईवडिलांना, भावाबहिणीला काचबिंदू आहे ती. यांच्यापाशी जास्त वेळ थांबा. मोठ्या उणे नंबरचा चष्मा असलेली. मधुमेहाची. पऱ्हाटीचं खुंट कधीकाळी डोळ्याला लागलेलं कुणी. आणि ते पोर, ज्याचे डोळे खाजतात म्हणून मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडचे थेंब महिनोन्महिने चालू आहेत. त्या थेंबांनी कोवळ्या वयातही दाब चढू शकतो.

कुणाचा डोळा अचानक लाल होऊन ठणकत असेल, उलट्या होत असतील, दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील, तर मनन इथेच सोडा आणि त्याला तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

बाकीच्यांना वाशिमला, अकोल्याला न्याल तेव्हा नुसता चष्म्याचा नंबर काढून परतू नका. “डॉक्टर, दाब मोजा आणि मागची नसही बघा,” असं तोंडाने सांगा.