पाडसाला दूध पाजणारा हात

आई मेलेल्या पाडसाला बाटलीने दूध पाजणे हे चांगले कृत्य आहे काय? प्रश्न सोपा वाटतो. पण थोडा विचार करा.

न्यूझीलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात शिकारीसाठी युरोपातील तांबडी हरणे सोडली गेली. पुढे ती जंगलांना जाचक झाली. 1969 साली त्यांना कुंपणात पाळण्याची कायदेशीर मुभा मिळाली. मांसासाठी आणि कोवळ्या शिंगांसाठी तेथे आज हरणे पाळतात. पाडस पोरके झाले तर माणूसच त्याची आई होतो. पहिल्याच दिवशी चीक पाजावा लागतो, मग दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे कोमट दूध. आई चाटते तसे ओल्या फडक्याने पुसावे लागते, तेव्हा ते शीशू करते.

आता परिणाम पाहा. माणसाळलेली मादी कळपात शांत राहते. नराला मात्र माणसाचे भय उरत नाही. मोठेपणी माजाच्या दिवसांत तो वाढवणाऱ्यालाच प्रतिस्पर्धी समजून शिंगे उगारतो. 2019 साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात पाळलेल्या नराने मालकाचा जीव घेतला. पोलिसांनी त्या नराला गोळी घातली. दोघेही गेले. यात जनावराचा दोष कोणता?

मग पाडसाला मरू द्यावे काय? मुळीच नाही. ते पुढे मांसासाठी विकले जाणार असले, तरी आजची त्याची भूक खरी आहे. दूध पाजावे, पण लाड करू नयेत. इतर पाडसांबरोबर वाढवावे आणि दूध सुटताच कळपात सोडावे. बाबासाहेबांनी करुणा माणसांसाठी आणि मैत्री सर्व प्राणिमात्रांसाठी असा भेद सांगितला आहे. जिच्यामुळे हरीण हरीणच राहते ती मैत्री. त्याला आपल्या अंगणाची शोभा करते ती मालकी.

आपल्याकडेही शेतात एकटे पाडस दिसले, तर ते पोरकेच आहे असे समजू नका. हरिणी पिलाला गवतात लपवून चरायला जाते आणि पाजायला परत येते. आपण उचलले, तर आपणच त्याला पोरके करतो. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे ते घरी ठेवणे गुन्हा आहे. दुरून लक्ष ठेवा. पाडस जखमी असेल किंवा आई मेलेली दिसली, तर वनखात्याला कळवा.

दया कोणालाही येते. ती आल्यावर हात पुढे करावा की आवरावा, हे कळायला प्रज्ञा लागते. आपल्या मुलांना दोन्ही शिकवा.