ठराव झाला. पुढे काय?

तुझा शोधनिबंध वाचला. बेलफास्टची २०२१ ची दंगल आणि राजकीय प्रतिसाद. तळटिपा नेटक्या, समास चोख. आणि निष्कर्ष काय? ‘सर्व पक्षांनी एकमुखाने निषेध केला, ही शांतता प्रक्रियेची परिपक्वता होय.’ हे तू लिहिलंस? तू?

निषेधाला काय लागतं रे? तोंड. ७ एप्रिलला लॅनार्क वेवर बस पेटवली. ब्रिटनवादी शँकिल आणि आयरिश राष्ट्रवादी स्प्रिंगफील्ड रोडच्या मधल्या भिंतीवरून दोन्हीकडून पेट्रोल बॉम्ब उडाले. दुसऱ्या दिवशी सुट्टी मोडून उत्तर आयर्लंडची स्टॉरमाँटमधली विधानसभा भरली, ठराव एकमताने मंजूर झाला. त्याच संध्याकाळी स्प्रिंगफील्ड रोडवर पुन्हा दगडफेक, पोलिसांचा पाण्याचा मारा. या तारखा तुझ्याच परिशिष्टात आहेत. म्हणजे माहीत होतं. मग दोन आणि दोन चार करायला कुणाची वाट पाहत होतास?

‘तरुणांच्या भावना भडकल्या.’ आपोआप? ब्रेक्झिटचा प्रचार डीयूपीने, म्हणजे ब्रिटनवादी युनियनिस्टांच्या पक्षाने, केला. २०१८ मध्ये त्यांच्याच अधिवेशनात जाऊन बोरिस जॉन्सन यांनी ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडमधल्या, आयरिश समुद्रातल्या व्यापारी सीमेला विरोध करून टाळ्या घेतल्या, आणि २०१९ मध्ये नेमकी तीच सीमा आणणारा करार केला. कोविडचे निर्बंध असताना आयआरएचे जुने म्होरके बॉबी स्टोरी यांच्या अंत्ययात्रेच्या गर्दीत आयरिश राष्ट्रवादी शिन फेन पक्षाचे नेते हजर. त्यांच्यावर खटला भरायचा नाही असं ठरलं, तर डीयूपीने थेट पोलीसप्रमुखांचा राजीनामा मागितला. वर बसून पोलिसांवरचा विश्वास पोखरायचा, आणि खाली बारा-तेरा वर्षांच्या पोरांनी विटा भिरकावल्या की हळहळायचं. करून सवरून नामानिराळे! आणि तू त्यांना शाबासकी देतोस.

हे पहिल्यांदा घडत होतं का? डिसेंबर २०१२. बेलफास्ट महापालिकेवरचा ब्रिटिश झेंडा रोज न लावता ठरावीक दिवशीच लावायचा, असं ठरलं. त्याआधी डीयूपी आणि अल्स्टर युनियनिस्टांनी या तोडग्याला पाठिंबा देणाऱ्या मध्यममार्गी अलायन्स पक्षाविरुद्ध ४०,००० पत्रकं वाटली होती. मग अलायन्सच्या कार्यालयांवर हल्ले झाले, त्या पक्षाच्या नेत्या नेओमी लाँग यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. पत्रकं वाटणाऱ्यांनी हिंसेचा निषेध केलाच की. मनापासूनही केला असेल. मग?

भाषण संपल्यावर हात काय करतात, ते तपासायचं असतं. झेंड्यांच्या वादावर २०१६ मध्ये आयोग नेमला. अहवाल बाहेर आला डिसेंबर २०२१ मध्ये, सुमारे ८ लाख पौंड खर्चून, आणि त्यात अंमलबजावणीचा आराखडाच नाही. २०१३ मध्ये तिथल्या सरकारने वचन दिलं, २०२३ पर्यंत वस्त्यांमधल्या सगळ्या ‘शांतता-भिंती’ हटवू. २०२३ उलटलं, भिंती उभ्याच. यावर तुझी एक ओळ. तीही ‘प्रयत्न सुरू आहेत.’ कुणाचे?

आता म्हणशील, सर, समतोल राखायचा होता. दोघांना सारखेच बोचरे प्रश्न विचारले असतेस तर समतोल म्हटलं असतं. तू दोघांनाही सोडून दिलंस. त्याला आळस म्हणतात. आपल्या इथल्या पुढाऱ्यांची ‘तीव्र निषेध’वाली निवेदनं वाचून कट्ट्यावर खदाखदा हसतोस, आणि बेलफास्टचं निवेदन इंग्रजीत असलं की लगेच हात जोडतोस?

सर्वांत राग याचा येतो की मुद्दा तुला कळलेला आहे. १९९८ च्या शांतता कराराने युनियनिस्ट आणि राष्ट्रवादी, दोन्ही गटांना एकत्रच सत्तेत बसवलं, पण मतं मात्र ज्याची त्याने आपापल्या गल्लीत मागायची. म्हणून समोरच्याला झोडपणं फुकट, आपल्याच लोकांना दरडावणं महाग. हे वर्गात तूच मांडलं होतंस ना? निबंधात कुठे गेलं? अवघड होतं म्हणून गाळलंस.

हा घे, परत ने. प्रत्येक पक्षाचं एक तरी वाक्य शोध, जे त्याने स्वतःच्या मतदारांना सुनावलं, आणि ज्याची किंमत मोजली. सापडलं नाही तर सापडलं नाही असं लिही. ‘परिपक्वता’ खोड. सोमवारी सकाळी टेबलावर हवं. मुदतवाढ मागायला येऊ नकोस.