काठी घट्ट, गाठ सैल

नारायणगावापासून थोडं आत, मीना नदीच्या काठाला एक वाडी आहे. जुन्नर तालुक्याचा हा सगळा पट्टा टोमॅटोचा. हंगामात क्रेटनं भरलेले टेम्पो एकामागून एक बाजाराकडे निघतात आणि भाव कोसळला की तोच लालभडक माल रस्त्याच्या कडेला ओतलेला दिसतो. त्या वाडीतल्या एका घरात एक म्हातारी होती. शेत तिनं केव्हाच मुलांच्या हवाली केलं होतं, पण घरामागची परसबाग काही सोडली नव्हती. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तीही सोडायचं तिनं ठरवलं.

आषाढातल्या एका उघडिपीला तिनं दोन्ही सुनांना मागच्या दारी बोलावलं. सुपात ओल्या फडक्यात गुंडाळलेली टोमॅटोची चोवीस रोपं होती, महिन्याभराची, वीतभर उंचीची.

"बारा तुझी, बारा तुझी," म्हातारी म्हणाली. "ही बुटकी जात नव्हे बरं का. ही उंच जाणारी. हिचा शेंडा थांबत नाही, माणसाच्या डोक्यावर जातो. दसऱ्याला जिची बाग उभी असेल, तिच्याकडे परसबाग."

"लावायची कशी, ते सांगा की," धाकटी म्हणाली.

"ते तुमचं तुम्ही बघा. मी पडवीत बसणार आहे."

थोरली मोठी काटकसरी. घरातली वस्तू असताना बाहेर पैसा घालवणं तिला पाप वाटायचं. गोठ्याच्या माळ्यावर गेल्या साली उपटलेल्या तुरीच्या तुराट्या जळणासाठी रचून ठेवल्या होत्या. तिनं त्यातल्या बारा सरळ बघून काढल्या आणि रोपांशेजारी हातानंच दाबून खोचल्या. माती ओली, चार बोटं सहज गेल्या. बांधायला सासूबाईंचं जुनं सुती लुगडं फाडून चिंध्या केल्या आणि जाता-येता सैलसर गाठी मारल्या.

"जाऊबाई, एवढ्याशा काडीनं व्हायचं का?" धाकटीनं विचारलं.

"अगं, वीतभर रोप ते. तान्ह्या पोराला कुणी धोतर नेसवतं का? वाढेल तेव्हा बघू."

थोरलीचं सगळ्यातच असं होतं. तिचा मुलगा सातवीत, गणितात कच्चा. मास्तरांनी दोनदा निरोप धाडला होता. "शिकेल आपलं आपण, मोठा झाला की," असं म्हणून ती कामाला लागायची.

धाकटी वर्ध्याकडची. तिकडे टोमॅटोला भेदरं म्हणतात, आणि ती अजूनही म्हणे. काम करीन तर चोख, नाहीतर हात लावणार नाही, असा तिचा स्वभाव. ती बाजारात बांबूवाल्याकडे गेली. कोपऱ्यात हिरवेगार, तुकतुकीत बांबू उभे होते, त्यांच्याकडे तिनं बोट केलं. म्हातारा बांबूवाला हसला.

"ते दिसायला छान, पण कोवळे आहेत. सुकले की चिरतात, भुंगा लागतो, आतून पीठ होतं. टिकवायचं असेल तर तीन वर्षं उलटलेला बांबू घ्यावा." त्यानं एक पिवळसर, डाग पडलेला बांबू उचलला आणि कोयत्याच्या पाठीनं त्यावर ठोकलं. आवाज खणखणीत आला. "हा घ्या. लावायचं काय आहे?"

"भेदरं. म्हणजे टोमॅटो. उंच जाणारे."

"मग सात फुटी काठी न्या. दीड फूट जमिनीत, साडेपाच वर. रोप लावाल त्याच दिवशी रोवा. मागाहून ठोकलात तर मुळं तुटतील." बोलता बोलता त्यानं वरचं टोक पेराच्या अगदी लगत कापलं. "पेराच्या वर नळी मोकळी ठेवली की तिच्यात पावसाचं पाणी साचतं आणि काठी वरून कुजत येते."

धाकटीनं घरखर्चातून साठवलेले पैसे मोजले. घरी येऊन बांबूंची खालची टोकं चुलीवर फिरवून काळी केली, पहारीनं दीड-दीड फुटाचे खड्डे घेतले, वारा येतो त्या पश्चिमेच्या अंगाला, रोपापासून चार बोटांवर काठ्या रोवल्या आणि माती धुमसून पक्की केली. मग नायलॉनची दोरी आणली आणि प्रत्येक रोप काठीला असं आवळून बांधलं की वाऱ्यानं पान हलेल, खोड हलायचं नाही.

तिचंही सगळ्यातच असं होतं. मुलगी दुसरीत, पण तिची पाटी-पुस्तकं आई भरायची, वेणीपासून गृहपाठापर्यंत सगळं आई करायची. पोर खेळताना पडू नये म्हणून तिला ओट्याखाली उतरू द्यायची नाही.

शेजारच्या बायका कुंपणावरून बघून जायच्या. थोरलीची बाग नीटनेटकी दिसायची, धाकटीचे बांबूच तेवढे नजरेत भरायचे. "मांडव घातलाय, नवरीचा पत्ता नाही," असं म्हणून त्या हसायच्या. धाकटी ओशाळायची. म्हातारी पडवीत बसून शेंगा सोलायची.

श्रावण सरला. रोपं कमरेला आली, मग छातीला. पिवळी फुलं गळाली आणि हिरवे गोळे धरले. थोरलीच्या तुराट्या आता वाकायला लागल्या. तिनं एकीच्या शेजारी दुसरी खोचली. एका लंगड्याला दुसऱ्या लंगड्याचा खांदा. गौरी-गणपतीच्या गडबडीत तिला काळजी वाटली म्हणून तिनं मोडक्या फाटकाचा एक वासा आणला आणि सगळ्यात भरलेल्या झाडाच्या बुडाशी घणानं ठोकला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते झाड मान टाकून उभं होतं. पाणी घातलं, सावली केली, तरी सावरलं नाही. वाशानं मुळांचा अर्धा पसारा तोडला होता. मग तिनं तो नाद सोडला.

धाकटीच्या बागेत सगळं सरळ रेषेत होतं. पण गाठीच्या वरची पानं पिवळी पडत होती. फळं लिंबाएवढी झाली आणि तिथंच थांबली. तिला वाटलं, खत कमी पडतंय. तिनं शेणखत घातलं, राख घातली. खोडं जाड होत होती आणि दोरी होती तेवढीच राहिली होती. लहानपणी घातलेली बांगडी मनगटात रुतावी तशी ती सालीत रुतत चालली होती. पानांच्या गर्दीत ते कुणाला दिसलं नाही.

नवरात्र लागलं. वाडीतल्या मुली पाटावर हत्ती काढून भोवती फेर धरत होत्या. हस्ताचा पाऊस यायचाच होता, तो त्या रात्री आला. आधी नदीकडून वारा सुटला, मग विजा, मग पत्र्यावर दगड पडावेत तसा पाऊस. झाडावर तीन-तीन किलोचा माल, त्यात पानापानात पाणी. पहाटेपर्यंत घरात कुणाचा डोळा लागला नाही.

उजाडल्यावर दोघी मागच्या दारी आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

थोरलीची बाग भुईसपाट झाली होती. तुराट्या जमिनीलगत कुजून पिचल्या होत्या, त्या एकाच हिसक्यात गेल्या. अकराच्या अकरा झाडं चिखलात आडवी, फळं मातीत माखलेली.

धाकटीचे बारा बांबू मात्र जसेच्या तसे उभे होते. एकही रेसभर कलला नव्हता. पण पाच झाडं बरोबर गाठीपाशी मोडली होती. खालचा भाग दोरीत आवळलेला, वरचा भाग फळांसकट उलटा लोंबत होता.

थोरलीनं पदर तोंडाला लावला. धाकटीला तर रडूही येईना. "मी एवढे पैसे घातले, एवढी मेहनत केली," ती म्हणाली. "काठी हललीसुद्धा नाही. मग झाड कसं मोडलं?"

म्हातारी पडवीतून उतरली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच. आधी ती थोरलीच्या वाफ्यात बसली. एक आडवं झाड तिनं अलगद उचललं आणि खोडावरून बोट फिरवलं.

"बघ, खोड कुठंही चिरलेलं नाही. तुझी चिंधी मऊ होती, गाठ सैल होती. झाड पडलं, पण मोडलं नाही. आणि हे बघ." जमिनीला टेकलेल्या भागावर बारीक पांढरे ठिपके होते. "टोमॅटोचं खोड मातीला लागलं की तिथं मुळ्या फोडतं. यावर भर घाल, जगेल. मातीला लागलेली फळं आणि पानं तेवढी काढून टाक, नाहीतर सड आणि करपा पसरेल."

मग ती धाकटीच्या वाफ्यात आली. मोडलेल्या खोडातली दोरी तिनं विळ्याच्या टोकानं काढली. तिथं गोल, खोल खाच पडली होती.

"काठी तू नंबर एक निवडलीस. मी असते तर हीच निवडली असती. पण तू काठीनं झाड धरलंस, आणि दोरीनं त्याचा गळा धरलास. खालचं पाणी वर कुठून जाणार? दोडकं-कारलं असतं तर ते आपल्या तंतूंनी आपणच आधार धरतं, पाहिजे तेवढा. टोमॅटोला धरायला हात नाहीत. आपण बांधू तसं त्याला राहावं लागतं. म्हणून बांधणाऱ्यानं जपायचं."

"पण सैल बांधलं तर वाऱ्यानं हलणार ना?"

"हलू दे. थोडं हललं की खोड भरतं, जाड होतं. पडायला नको एवढंच आपण बघायचं."

त्या दिवशी तिघींनी मिळून काम काढलं. मोडलेल्या झाडांचे पाच बांबू उपटून थोरलीच्या वाफ्यात आणले. या वेळी ते झाडाच्या बुडाशी न ठोकता, मुळं वाचवून हातभर अंतरावर ओळीनं रोवले. वर एक तार ताणली, शेतात करतात तशी तार-काठी. पडलेली झाडं एकेक करून उचलली आणि चिंध्यांनी तारेला टांगली. धाकटीच्या उरलेल्या सात झाडांची दोरी कापून तिथं लुगड्याच्या पट्ट्या आल्या.

पहिली गाठ म्हातारीनं स्वतः मारून दाखवली. आधी पट्टी काठीला दोनदा गुंडाळून करकचून आवळली, ती खाली घसरू नये म्हणून. मग काठी आणि खोड यांच्या मध्ये पट्टीला एक पीळ दिला. शेवटी खोडाभोवती सैल वेढा घेऊन टोकं बांधली. मग आपला अंगठा वेढ्यात घालून फिरवून पाहिला. "एवढी जागा राहिलीच पाहिजे. आज खोड बारीक आहे म्हणून आजच्या मापानं बांधायचं नाही."

"म्हणजे काठीचंही तसंच की," थोरली हळूच म्हणाली. "मी रोपाकडे बघून काठी घेतली. फळाकडे बघून घ्यायला पाहिजे होती."

म्हातारीनं नुसती मान हलवली.

दसऱ्याला बाग उभी होती. पूर्वीसारखी दाट नव्हे, एका कडेला बोडकी, पण उभी. सातही झाडांच्या शेंड्यांना नवी हिरवी पालवी आली होती. सोनं वाटायला दोघी सुना पाया पडल्या तेव्हा धाकटीनं विचारलं, "मग परसबाग कुणाची?"

"अर्धी अक्कल हिच्याकडे, अर्धी तुझ्याकडे," म्हातारी म्हणाली. "वाटून काय करू?"

दिवाळीपर्यंत त्या झाडांनी घराला पुरून शेजारी वाटायला टोमॅटो दिले. मांडवावरून हसणाऱ्या बायकाही पाट्या घेऊन आल्या, आणि जाताना बांबू कुठून आणले ते विचारून गेल्या.

सुट्टी संपल्यावर एका संध्याकाळी थोरली मुलाला घेऊन मास्तरांच्या घरी गेली. परीक्षा अजून लांब होती. तिथून पुढे रोज दिवेलागणीला ती त्याच्या शेजारी निवडणं-टिपणं घेऊन बसू लागली. तिला गणित येत नव्हतं, पण तो सोडवून होईपर्यंत ती जागची उठत नसे.

धाकटीची मुलगी त्याच आठवड्यात पहिल्यांदा एकटी ओटा उतरून खेळायला गेली. थोड्या वेळानं गुडघा खरचटून परत आली. आई उठली होती, ती पुन्हा बसली. पोरीनं आपल्या हातानं गुडघा धुतला, हळद लावली आणि परत पळाली. धाकटी दारात उभी राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होती.

पडवीतून म्हातारी दोघींकडे बघत होती. तिच्या सुपात पुढच्या वर्षीसाठी राखेत घोळलेलं बियाणं वाळत होतं.

तात्पर्य: आधार निवडताना उद्याचं ओझं बघावं, आणि बांधताना वाढायला जागा ठेवावी.