शब्द आपले, विचार दुसऱ्याचा



आपल्या घरांतील मुले-मुली आता एम.ए., पीएच.डी.पर्यंत पोहोचत आहेत, ही अल्लाहची कृपा आहे. प्रबंध लिहिताना त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो: दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत मांडला, की तो आपला होतो काय? पुष्कळांची समजूत अशी की, वाक्यातील चार शब्द पालटले म्हणजे वाङ्मयचौर्याचा दोष टळला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. तेव्हा आकडा दहाच्या खाली आला की विद्यार्थी निश्चिंत होतो. संगणक शब्द मोजतो. अमानत मोजणे त्याच्या आवाक्यातले नव्हे.

हदीसशास्त्राला हा प्रश्न जुनाच आहे. ऐकलेले वचन शब्दशः न सांगता आशयाने सांगणे यास तेथे 'रिवायत बिल-माना' म्हणतात. बहुसंख्य विद्वानांनी त्यास अनुमती दिली, परंतु सशर्त. इमाम शाफिई (रह.) यांनी 'अर्-रिसाला'त घातलेल्या अटीचा आशय असा की, शब्द बदलल्याने अर्थ कोठे पालटतो याची जाण रावीला हवी, ती नसेल तर त्याने ऐकले तसेच अक्षरशः सांगावे, एरवी तो नकळत हलालचे हराम करून बसेल.

हजरत बरा बिन आजिब (रजि.) यांनी झोपण्यापूर्वीची दुआ प्रेषितांना (स.) म्हणून दाखवताना 'नबी'च्या जागी 'रसूल' म्हटले, आणि प्रेषितांनी तेथेच दुरुस्ती केली, हे सहीह बुखारीत आले आहे. दुआचे शब्द ठरलेलेच असतात, म्हणून ही घटना आशयकथनाविरुद्धचा पुरावा नव्हे, असे काही विद्वान म्हणतात. मलाही ते पटते. तरीही जवळचे दोन शब्द एकच असतात असे मानण्याची घाई करू नये, एवढे त्यातून दिसतेच.

समजा, एखाद्या इतिहासकाराने लिहिले: 'दुष्काळानंतर काही गावांतील मजूर मुंबईस गेले असावेत.' विद्यार्थ्याने ते असे केले: 'दुष्काळामुळे गावेच्या गावे मुंबईकडे लोटली.' शब्द वेगळे झाले खरे. पण 'नंतर'चे 'मुळे' झाले, 'काही' नाहीसे झाले, मजूर हरवले आणि 'असावेत' मधला संकोचही गेला. खाली त्या इतिहासकाराचे नाव दिले तर जे तो बोललाच नाही ते त्याच्या माथी मारले. न दिले तर त्याचे श्रम लपवले. आपला उगम झाकणाऱ्या रावीला हदीसशास्त्री 'तदलीस'चा दोष लावत, हे येथे आठवावे. शब्दांची अदलाबदल करून देणारी साधने हेच काम क्षणात करतात, इतकेच.

मग करावे काय? उतारा समजेपर्यंत वाचावा, ग्रंथ मिटावा, आपल्या वाक्यरचनेत लिहावे आणि पुन्हा ग्रंथ उघडून पडताळावे. 'बहुधा', 'काही', 'केवळ' यांसारखे शब्द विशेष तपासावेत. लेखकाचा खास शब्दप्रयोग ठेवायचाच असेल तर अवतरणचिन्हांत ठेवावा. हजरत अनस (रजि.) हदीस सांगून झाल्यावर 'अव कमा काल', म्हणजे 'किंवा जसे ते म्हणाले', असे जोडत. प्रबंधात हे काम संदर्भाने होते. परिच्छेदाच्या शेवटी नुसता आकडा टाकून मात्र भागत नाही; आरंभीच लेखकाचे नाव घ्यावे, म्हणजे त्याचे म्हणणे कोठे संपले आणि तुमचे कोठे सुरू झाले, हे परीक्षकाला कळेल.