डावी कूस

अंबड तालुक्यातलं दहा महिन्यांचं एक लेकरू न्यूमोनियानं बेजार होऊन जालन्याच्या एका दवाखान्यात अतिदक्षता विभागात दाखल झालं. तोंडातून श्वासाची नळी, नाकातून दुधाची नळी, शिवाय गुंगीचं औषध. चौथ्या दिवशी ताप उतरला. सातव्या दिवशी तो पुन्हा 102 वर गेला.

डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासायला पाठवली, छातीचा एक्स-रे पुन्हा काढला, सलाईनची सुई बदलली, अँटिबायोटिकही वाढवलं. ताप हटेना.

रात्रपाळीला नवी सिस्टर होती. दाराशी बसलेली आजी तिला म्हणाली, "रडल्याबिगर माय बी पाजत न्हाई म्हणत्यात. माझ्या लेकराला तर रडताबी येईना. त्याचं दुखणं तुमाला कळायचं कसं, बाई?"

सिस्टरला उत्तर सुचलं नाही. पण त्या रात्री दर दोन तासांनी कूस बदलताना तिनं मॉनिटरवरून नजर हलू दिली नाही. उजव्या कुशीवर नाडी 130, डावीवर वळवलं की 160. तिनं प्रत्येक वेळी आकडा लिहून ठेवला.

"हलवलं की वाढतेच गं," जुनी सिस्टर म्हणाली.

"मग उजवीकडं वळवताना का नाही वाढत?"

सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला आणि कानात पाहायचा ऑटोस्कोप मागवला. डाव्या कानाचा पडदा लालभडक, फुगलेला, मागं पू. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी पडद्याला बारीक छिद्र पाडून पू काढला, तो तपासून औषध बदललं, दुधाची नळीही नाकाऐवजी तोंडातून घातली. दोन दिवसांत ताप गेला.

डॉक्टरांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. "नाकाच्या मागून कानाकडं एक नळी जाते. गिळताना ती उघडते, कानात हवा खेळते, पाणी निचरतं. तान्ह्या मुलांत ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. गुंगीत गिळणं मंदावतं, नाकातल्या नळीनं आजूबाजूला सूज येते. मग कानात पाणी तुंबतं, त्याचा पू होतो. जागं मूल कान ओढतं, रडतं. यानं नाडीनं सांगितलं."

दुसऱ्या दिवसापासून राउंडच्या कागदावर एक ओळ वाढली : दोन्ही कान पाहिले?

तात्पर्य : मुक्याचं दुखणं लक्ष देणाऱ्यालाच दिसतं, आणि दिसलेलं लिहून ठेवलं तरच ते औषधापर्यंत पोचतं.