नगरसेवक नसलेलं शहर

भल्या पहाटे सोसायटीच्या जमिनीतल्या टाकीचं झाकण उघडून वॉचमन आत बॅटरी मारतो. पाणी किती चढलंय त्यावर टँकर सांगायचा की नाही हे ठरतं. पिंपरी-चिंचवडमधल्या वाकड, मोशी, चऱ्होलीच्या किती तरी सोसायट्यांची सकाळ अशी सुरू होते. पवना धरणाचं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचललं जातं आणि २५ नोव्हेंबर २०१९ पासून शहराला ते दिवसाआड मिळतं. निर्णय झाला तेव्हा महापालिकेत १२८ नगरसेवक होते. लोक त्यांना लग्नात, गणपतीच्या मांडवात, चहाच्या टपरीवर गाठून पाण्याचं विचारत. प्रश्न सुटला नाही, पण विचारायला माणूस होता. १३ मार्च २०२२ ला त्या सगळ्यांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे, म्हणजे आयुक्तांकडेच, गेला. २०२५ ची दिवाळी ही प्रशासकाच्या राजवटीतली आपली चौथी दिवाळी होती.

ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि निवडणूक लांबत राहिली. शेवटी ३१ जानेवारी २०२६ पूर्वी ती घ्या, असं न्यायालयाने २०२५ मध्ये बजावलं. राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने महापालिकेला पाच वर्षांची मुदत दिली आणि ती संपण्याआधी निवडणूक घ्या असं स्पष्ट सांगितलं. एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना साडेतीन वर्षांहून अधिक काळ लोकप्रतिनिधींविना गेला, याची चीड शहरात फारशी दिसली नाही. मला खरी काळजी त्याची वाटते.

आपली अनेक मुलं आज टोरांटोत राहतात, म्हणून तिथलं उदाहरण घेतो. कॅनडाच्या १८६७च्या घटनेने नगरपालिका प्रांत सरकारच्या हवाली केल्या. शहराला स्वतःचं घटनात्मक स्थान दिलंच नाही. त्या बळावर ओंटारिओ सरकारने १९९८ मध्ये सहा नगरपालिका मिळून एक टोरांटो केलं. आधीच्या वर्षी लोकांनी मतदानातून त्याला प्रचंड विरोध नोंदवला होता, तरीही. २०१८ मध्ये तर निवडणुकीचा प्रचार सुरू असताना नगरसेवकांच्या जागा ४७ वरून २५ वर आणल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सरकार जिंकलं. शहरावर हा अन्यायच होता. पण ऑक्टोबर २०१८ ची निवडणूक ठरल्या दिवशी झाली आणि २०२२ चीही झाली. घटनेचं कवच नसलेल्या शहरात मतदान चुकलं नाही, कवच असलेल्या आपल्या शहरात चुकलं.

प्रशासकांनी काम केलं नाही असं मी म्हणणार नाही. ‘सारथी’ हेल्पलाइन तर त्याआधीच अधिकाऱ्यांनी उभी केली होती. क्षेत्रीय कार्यालयांत सोमवारी जनसंवाद सभा भरू लागली, तक्रारी लिहून घेतल्या जाऊ लागल्या. अडचण रचनेत होती. प्रस्ताव आयुक्तांचा, स्थायी समितीचे अधिकार त्यांच्याकडे, सर्वसाधारण सभेचेही त्यांच्याकडेच. हजारो कोटींचं अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. सभागृहात कुणी उठून “हा खर्च कशाला?” असं विचारत नव्हतं, आणि त्याचं उत्तर इतिवृत्तात उतरत नव्हतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीतली भंगाराची गोदामं, लहान कारखाने, शेड अशी चार हजारांवर बांधकामं काही दिवसांत भुईसपाट झाली. मे महिन्यात इंद्रायणीच्या पूररेषेतले ३६ बंगले हरित लवादाच्या आदेशाने पाडले गेले. नदीच्या जागेतलं बांधकाम जायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ही बांधकामं उभी राहत असताना परवानगी कुणी पाहिली, वीज-पाणी कुणी जोडलं, कुदळवाडीतल्या कामगाराने दुसऱ्या दिवशी कुठे जायचं, हे प्रश्न सभागृहाचे होते. सभागृह बंद होतं. त्याच मे महिन्यात प्रारूप विकास आराखडा आला आणि हरकतींचा पाऊस पडला. पुढच्या किती तरी वर्षांचं शहर कागदावर आखलं जात असताना लोकांनी निवडलेला एकही माणूस टेबलाच्या त्या बाजूला नव्हता.

जुन्या नगरसेवकांची भलामण मला करायची नाही. ठेकेदारी, टक्केवारी, फ्लेक्सबाजी या शहराने भरपूर पाहिली. तरीही भाड्याच्या खोलीत राहणारा, भोसरी एमआयडीसीत पाळीवर जाणारा माणूस इंग्रजीत ईमेल लिहीत नाही. तो संध्याकाळी नगरसेवकाच्या जनसंपर्क कार्यालयात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचा, रहिवासी दाखल्यावर सही घ्यायचा आणि जाता जाता तुंबलेल्या ड्रेनेजचं सांगायचा. ॲप आणि पोर्टलनी सुशिक्षितांची सोय झाली. त्याची वाट बंद झाली.

हिंजवडी आणि आसपासची गावं महापालिकेत घ्यायची आणि चाकणला वेगळी महापालिका करायची, अशी चर्चा २०२५ मध्ये सुरू झाली. तळवडे चौकातून चाकणला रोज जाणाऱ्यांना ही वेगळी महापालिका हवीशी वाटेल, आणि का वाटू नये? पण १९९७ मध्ये १८ गावं महापालिकेत आली तेव्हाही रस्ते-पाण्याचंच आश्वासन होतं. नवी हद्द आखण्याआधी आहे त्या हद्दीतल्या माणसाला मत देता यायला हवं.

आणि निवडणूक झाली तरी एक गाठ उरतेच. चार सदस्यांच्या प्रभागात मतदार चार मतं देतो आणि काम अडलं की चौघं एकमेकांकडे बोट दाखवतात. यावर उतारा म्हणून क्षेत्रसभेची तरतूद महापालिका कायद्यात आहे: नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांसमोर बसायचं, कामं ऐकायची, हिशेब द्यायचा. मत मागायला उमेदवार दारात येतात. पहिली क्षेत्रसभा कोणत्या महिन्यात, कोणत्या शाळेच्या मैदानावर घेणार, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावं आणि तो कागद सोसायटीच्या, चाळीच्या फळ्यावर लावावा.