धुक्याचा भुर्दंड

विमानतळावरून हॉटेलपर्यंतची गाडी आगाऊ ठरवताना जो अर्ज भरावा लागतो, त्यात विमानाचा क्रमांक विचारलेला असतो. हा रकाना पाहून बरं वाटतं. विमान उशिरा आलं तरी चालक थांबेल आणि त्याबद्दल एक पैसाही जादा पडणार नाही, असं तिथेच लिहिलेलं असतं. एरवी अशा गोष्टी बारीक अक्षरांत असतात, ही मात्र ठळक असते. उतरल्यानंतरचा एक तास मोफत. म्हणजे विमानाची चाकं जमिनीला लागली की थांबण्याचं घड्याळ सुरू होतं. त्याआधी चालक जितका वेळ थांबला, तो कुठल्याच घड्याळात नसतो.

वाराणसीला हिवाळ्यात जायचं असेल तर या रकान्याची किंमत कळते. डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या मैदानावर धुकं बसतं ते कधी कधी दुपारपर्यंत उठत नाही. विमानं उशिरा सुटतात, दुसरीकडे वळवली जातात, रद्द होतात. विमानतळ बाबतपूरला, शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर. तेव्हा पहाटेच्या विमानासाठी बोलावलेला चालक शहरातून निघून तिथे पोचतो आणि मग फलकावरची वेळ पुढे पुढे सरकताना बघत राहतो.

धुकं कोणी पाडत नाही. वैमानिकाचा दोष नाही, विमान कंपनीचा नाही, प्रवाशाचा नाही, चालकाचा तर नाहीच. पण नुकसान झालं की ते कुठेतरी पडतंच. हवेत विरून जात नाही. ज्याला दोषी कोणीच नाही असं नुकसान कोणी सोसावं, हा मला नीतीचा एक अवघड प्रश्न वाटतो. जिथे दोष आहे तिथे निदान बोट तरी दाखवता येतं.

गेल्या जानेवारीत मी आणि माझी मावशी मुंबईहून काशीला गेलो. मावशीचं वय ७८, गुडघे दुखरे, बरोबर दोन बॅगा आणि एक पिशवी जी ती कोणाच्याही हातात देत नाही. विमान साडेतीन तास उशिरा सुटलं. त्या वेळात आम्ही खुर्च्यांवर बसलो होतो, चहा प्यायलो, विमान कंपनीने खाण्याची पाकिटं वाटली. आपल्याकडे तसा नियमच आहे: ठरावीक वेळेपेक्षा जास्त उशीर झाला की प्रवाशांना खायला-प्यायला द्यायचं. बाबतपूरला उतरलो तर मावशीच्या नावाची पाटी घेऊन एक तिशीतला माणूस उभा होता. आडनावातलं एक अक्षर गळलं होतं. किती वेळ झाला, असं विचारल्यावर तो म्हणाला, “सुबह पाँच बजे से.” तक्रारीचा सूर नव्हता. पुढे गाडीत बोलता बोलता कळलं, की त्याला फेरीवर पैसे मिळतात. सकाळी आम्हाला सोडून सारनाथची एक फेरी होती, ती दुसऱ्याला गेली.

म्हणजे धुक्याचा भुर्दंड कोणावर पडला ते स्पष्ट होतं. मला उशिराची जी मोफत हमी मिळाली होती, ती मोफत नव्हती. तिची किंमत दुसरा कोणीतरी देत होता, इतकंच. आणि त्याला विचारून ती ठरलेली नव्हती.

यावर उत्तर तयार असतं: त्याला ठाऊक होतं की. धंदा पत्करला म्हणजे धंद्यातलं धुकंही पत्करलं. शिवाय गाडीचं भाडं ठरवताना थांबण्याचा अंदाज धरलेलाच असणार; कधी विमान लवकर येतं, कधी उशिरा, सरासरी सारखी होते. विमा असाच तर चालतो. हे उत्तर मला चुकीचं वाटत नाही, अपुरं वाटतं. विम्यात जोखीम पुष्कळांवर पसरलेली असते आणि ज्याच्यावर आपत्ती येते त्याला भरपाई मिळते. इथे जोखीम पसरवणारं कार्यालय आहे, भरवशाचं श्रेयही त्याच्याकडे जातं, पण आपत्ती आली की ती एकट्या माणसाच्या एका सकाळीवर बसते. सरासरी त्याच्या पदरात पडत नाही, त्याच्या पदरात ती सकाळच पडते.

मावशीला ही चर्चा आवडली नाही. तिचं म्हणणं वेगळं होतं आणि ते मला अजून खोडता आलेलं नाही. ती पूर्वी सासू-सासऱ्यांबरोबर काशीला रेल्वेने आली होती. स्टेशनावर उतरल्याबरोबर माणसांचा गराडा पडला. कोणी गाव विचारतोय, कोणी बोचकं उचलतोय, कोणी म्हणतोय तुमच्या आजोबांची सही माझ्या वहीत आहे. सासरे भिडस्त. घाटावर पोचेपर्यंत तीन ठिकाणी पैसे गेले आणि तिसऱ्या ठिकाणी सासूबाई रडल्या. “तुला ती घासाघीस गोड वाटते, कारण तुला ती करावी लागली नाही,” मावशी म्हणाली. पाटी घेऊन एकच माणूस उभा, भाडं आधीच चुकतं केलेलं, कोणी हात धरून ओढत नाही: तिला यात माणुसकीचा अभाव दिसत नव्हता, अब्रू राखली गेल्यासारखं वाटत होतं. एकटी बाई रात्री अनोळखी शहरात उतरते तेव्हा आगाऊ ठरवलेली गाडी ही चैन नसते. हे मी लिहून ठेवते, कारण या विषयावर लिहिणारे पुष्कळ जण जुन्या काळाचे उसासे टाकू लागतात, आणि ते बहुतेक करून पुरुष असतात.

ठराविक किमतीमागे नीतीचा विचार आहे, हा तर इतिहासच आहे. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये क्वेकर पंथाच्या दुकानदारांनी एकच भाव सांगायचा असं ठरवलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: जी किंमत घ्यायची नाही ती मागणं म्हणजे खोटं बोलणं. दुकानात लहान मूल आलं तरी त्याला मोठ्या माणसाचाच भाव मिळाला पाहिजे. आज आपल्याकडे दुकानांत ‘एकच भाव’ अशी पाटी असते, तिच्यामागे कधीकाळी सत्यवचनाचा आग्रह होता, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

पण क्वेकर दुकानदार गल्ल्यामागे स्वतः उभा असे. भाव त्याने सांगितलेला असे आणि त्याचं सत्य त्याच्या तोंडी असे. आमच्या चालकाने भाव सांगितलाच नव्हता. मी किती भरले ते त्याला ठाऊक नव्हतं, त्यातलं त्याला किती मिळणार ते मला. खोटं बोलण्याची गरज संपली हे खरं, पण ती संपली कारण दोघांनी एकमेकांशी पैशाबद्दल बोलण्याचीच सोय राहिली नव्हती. हा सत्याचा विजय आहे की नुसती शांतता, मला ठरवता येत नाही.

आणि त्या वह्यांचं काय, ज्यांच्या नावाने मावशीच्या सासऱ्यांना लुबाडलं? काशी, प्रयाग, गया, हरिद्वार, नाशिक इथल्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत गावागावांनुसार घराण्यांच्या नोंदी आहेत. कोण कधी आला, बरोबर कोण होतं, कोणाचं श्राद्ध केलं. यात्रेकरूला उतरून घेणं, बिऱ्हाड देणं, स्वयंपाकाची सोय लावणं, सगळं तो उपाध्याय बघायचा. आजच्या भाषेत विमानतळ ते हॉटेल आणि शिवाय हॉटेलही. लुबाडणूक त्यात होती. पण तो व्यवहार एका फेरीत संपत नसे. नातू आला की पणजोबांची ओळ उघडायची. फसवलं तर फसवल्याची आठवणही दोन्हीकडे राहायची. आमचा व्यवहार मात्र पडद्यावर ‘प्रवास पूर्ण’ अशी अक्षरं उमटली की संपला. त्यानंतर तारे द्यायचे. पाचपैकी किती?

ताऱ्यांबद्दल चालकाने उतरताना हळूच सांगितलं. पार्किंगमधून यायला आठ मिनिटं लागली होती, ते लिहू नका म्हणाला. ज्या माणसाने आमच्यासाठी सकाळ घालवली, तो मला आठ मिनिटांची माफी मागत होता. मावशीने हिंदी-मराठीची खिचडी करून त्याला विचारलं, जेवलास का. तो हसला. उत्तर दिलं नाही.

गाडी मैदागिनच्या अलीकडे थांबली. आमचं हॉटेल पंचगंगा घाटाच्या बाजूला, एका जुन्या वाड्यात. अर्जात लिहिलं होतं ‘हॉटेलच्या दारापर्यंत’, पण काशीच्या त्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही, आणि शिरली तर गल्ली उरत नाही. हा भाग मराठी माणसांना परका नाही. ब्रह्मा घाट, दुर्गा घाट, पंचगंगेचा परिसर इथे मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वर मणिकर्णिकेकडे शिंदे घाट, त्याच भागात भोसले घाट. विश्वनाथाचं मंदिर अहिल्याबाईंनी १७८० च्या सुमारास बांधून घेतलं. सत्ताधारी आले तेही आधी सगळं ठरवून आले असणार. आमचं ठरवलेलं मात्र चौकातच संपलं आणि शेवटचे सात-आठशे मीटर शिल्लक राहिले.

तिथे एक हमाल पुढे आला. दीडशे म्हणाला. मावशी, जी तासाभरापूर्वी एकाच भावाचं कौतुक करत होती, ऐंशीवर आली. शंभरला ठरलं. त्याने दोन्ही बॅगा डोक्यावर घेतल्या आणि मावशीच्या चालीने चालला, प्रत्येक पायरीशी थांबून. वाटेत गाय आडवी आली तेव्हा त्याने तिला नावाने हाक मारून बाजूला केलं. त्याच्याशी आमचा व्यवहार उघडा होता: त्याने मागितलं, आम्ही कमी केलं, तो कुरकुरला, आम्ही ऐकलं. हा जास्त न्याय्य होता असं मी म्हणणार नाही, कारण पन्नास रुपयांचं मोल त्याला आणि आम्हाला सारखं नव्हतं. पण कोणावर काय पडतंय ते आम्हा तिघांनाही दिसत होतं.

चालकाला मी उतरताना काही पैसे दिले होते. ते कशाचे? बक्षिशी म्हणावी तर बक्षिशी खूश होऊन देतात, आणि साडेतीन तास हे खूश होण्याचं कारण नव्हे. भरपाई म्हणावी तर भरपाई देणाऱ्याकडे दोष असावा लागतो. दान म्हणावं तर काशीत त्या शब्दाला फार वजन आहे. जोनाथन पॅरी या मानववंशशास्त्रज्ञाचं ‘डेथ इन बनारस’ हे पुस्तक १९९४ साली आलं. दान घेणारा दात्याचं पापही घेतो, अशी तिथल्या पुरोहितांची धास्ती त्याने नोंदवली आहे. दान देऊन देणारा हलका होतो, घेणारा जड. त्या नोटा देताना मला नेमकं हेच नको होतं: की पैसे देऊन मी त्या सकाळीतून मोकळी व्हावं. दोष नसताना ऋण असू शकतं, असं माझं मत आहे. ज्या नुकसानीतून माझी सोय झाली तिच्याशी माझा संबंध आहे, मग धुकं कोणीही पाडलेलं असो. पण त्या ऋणाचा आकडा कोणी सांगावा?

चालकाने त्याचा नंबर दिला होता. परतताना थेट फोन करा, म्हणाला. भाडं तुम्हाला कमी, मला जास्त. मला ते सरळ वाटलं. मावशीने विचारलं, तो आला नाही तर कोणाला विचारायचं? मी म्हटलं, तो येईल. ती म्हणाली, तो येईलच गं, पण पुन्हा धुकं पडलं तर याची फेरी बुडेल आणि मधे कार्यालयही नसेल; मग कोणी काय द्यायचं, ते तू आत्ताच त्याला सांगून ठेव. मी फोन लावला. अर्धा तास आम्ही तिघं त्यावर बोललो. ताशी एक रक्कम ठरली, विमान कितीही उशिरा असो, तो निघाल्यापासून. आकडा त्याने सांगितला, मावशीने तो पंचवीस रुपयांनी कमी केला.